नकाराचा धनी

पेजेचा वाडगा टेबलावर ठेवला की तो हळूहळू खिडकीकडे घसरत जायचा, म्हणून सेत्सुयो त्याच्याखाली ओलं फडकं घालायची. आज वाडगा जागच्या जागी राहिला आणि माणूसच घसरला. कुनिओने चमचा तोंडाशी नेला, डोळे गच्च मिटले, आणि तो खुर्चीवरून एका अंगाला कलंडला. तिने त्याला बगलेत धरून सावरलं. पोटात गेलेली दोन घास पेज तशीच बाहेर आली.

"पुन्हा वळण आलं वाटतं," तो धापा टाकत म्हणाला.

"बोलू नका. डोळे मिटून पडा."

"अगं, तीन वर्षं हे घर डावीकडेच वळतंय. मी चालवत असतो तर एव्हाना फेरी पुरी झाली असती."

कुनिओ हातोरीने उभी हयात शहराची बस चालवली होती. घाटात नाही, गर्दीत नाही, रस्त्यावर त्याला कधी म्हणून चक्कर आली नाही. ती आता घरात येत होती. सेत्सुयोने त्याचं तोंड पुसलं, चादर बदलली आणि त्याला भिंतीशी टेकवून निजवलं. भिंतीशी नाही टेकवलं तर झोपेत गादीवरून खाली यायचा.

कामोमेहामाची सारी वस्ती समुद्रात भराव घालून उभी राहिलेली. मोठा भूकंप झाला त्या दुपारी त्या भरावाची राबडी झाली. रस्त्यांच्या भेगांतून करडी वाळू आणि पाणी उसळलं, गटारांची झाकणं माणसाच्या कमरेएवढी वर आली, आणि त्यांच्या गल्लीतली घरं एकामागून एक मान टाकल्यासारखी कलली. कोणी मेलं नाही. वर उत्तरेकडे समुद्राने गावंच्या गावं नेली होती, तिथे यांच्या वाकड्या घरांची दखल कोण घेणार? लोकांनीही तोंड मिटून घेतलं. जिवंत आहोत ना, मग तक्रार कसली करायची.

पण वाकड्या घरात राहणं म्हणजे काय, ते राहणाऱ्यालाच कळतं. काहींना नुसतं डोकं दुखायचं, काहींना कशाचंच काही नाही. कुनिओला मात्र ते बाधलं. डॉक्टरांनी कान तपासले, मेंदूचे फोटो काढले आणि शेवटी म्हणाले, "आजार यांना नाही, घराला आहे. सपाट जमिनीवर न्या." शरद ऋतूत आठवडाभर दवाखान्यात होता तेव्हा त्याने वाटीभर भात मागून खाल्ला होता. घरी आणला आणि पुन्हा तेच सुरू. परवा डॉक्टर दारापर्यंत सोडायला आले, तिला बाजूला घेऊन म्हणाले, "हे असंच चाललं तर ते हा उन्हाळा बघणार नाहीत."

असलं घर विकत घेणारा कोणी नव्हता. पेन्शनीत दुसरीकडे भाड्याने राहणं परवडत नव्हतं. घर जॅक लावून उचलणाऱ्या कंत्राटदाराने तर जमिनीत सळई खुपसून पाहिली होती आणि मान हलवली होती. "काकू, हे दह्यावर ताट ठेवण्यासारखं आहे. आधी खाली भिंती होऊ द्या, मग मी उचलतो."

त्या भिंती नगरपालिका घालून देणार होती. घराघरांभोवती जमिनीत खोल सिमेंटच्या भिंती, एकमेकींना जोडलेल्या, एखाद्या खणांच्या डब्यासारख्या. म्हणजे मग वाळू हलायला जागाच उरणार नाही. पण शेजाऱ्याशेजाऱ्यांची भिंत सामाईक असल्यामुळे अट अशी होती की गल्लीतल्या प्रत्येक घराचा होकार हवा. एक घर नाही म्हणालं की सगळं मोडलं. आणि मुदत आज संध्याकाळी कचेरी बंद होईपर्यंत होती.

घोडं अडलं होतं ते गिनजिरो इवासेपाशी.

गिनजिरो गल्लीच्या टोकाला एकटा राहायचा. वय पंच्याऐंशीच्या पुढे. सगळी गल्ली कलली तेव्हा त्याचं घर काठी गिळल्यासारखं ताठ राहिलं होतं. का राहिलं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तो नाही म्हणाला तेव्हा सगळ्यांना कारण आपोआप कळलं. याचं घर सरळ आहे, याला कशाला हवी दुसऱ्याची पीडा? वस्तीमंडळाचे अध्यक्ष तोकुमारू प्रत्येक बैठकीत हात जोडून म्हणत, "आपण सगळे एक आहोत हो. फक्त ते टोकाचे आजोबा." बाकी साऱ्या घरांनी संमतीच्या पहिल्या कागदावर केव्हाच शिक्के उठवले होते. अर्थात ते रोजचे शिक्के, पार्सल आलं की दारात पटकन उठवतात तसले. शेवटच्या कागदाला सरकारदरबारी नोंदवलेला शिक्का लागतो, जो माणूस जमीन विकतानाच काय तो कपाटातून काढतो. त्याबद्दल तोकुमारूंचं ठरलेलं उत्तर होतं, "आधी आजोबांचा होऊ द्या. मग आपले काय, अर्ध्या तासाचं काम." आणि वर बजावून ठेवलं होतं की आजोबांकडे वेगवेगळं कोणी जायचं नाही, ते बिथरतील.

सेत्सुयो तीन वर्षं गेली नव्हती. आज तिने कोट चढवला, नवऱ्याच्या उशाशी पाण्याची बाटली आडवी ठेवली आणि ती निघाली.

समुद्रावरून फेब्रुवारीचा वारा येत होता. गिनजिरोने दार उघडलं, तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आजोबा, मी हातोरी…"

"ओळखतो. तुझा नवरा ओकतो ते इथवर ऐकू येतं. तोकुमारूने पाठवलं?"

"नाही. ते जाऊ नका म्हणाले होते."

"मग ये. जोडे काढ. की उंबऱ्यातूनच शिव्या देणार आहेस?"

ती जोडे काढून वर चढली आणि दुसऱ्याच पावलाला तिचा तोल गेला. हात भिंतीवर आपटला. जमीन सपाट होती. तीन वर्षं तिचं अंग उतारावर चालायला शिकलं होतं, ते सपाटीवर फसलं.

गिनजिरो हसला. त्याचे वरचे दात नव्हते. "गल्लीतलं कोणी आलं असतं तर सगळ्यांचं हेच झालं असतं. पण येतं कोण? पोस्टमन येतो, तो सरळ चालतो."

रॉकेलच्या शेगडीवर किटली फुसफुसत होती. त्याने चहा ओतला. सेत्सुयोने कपाला हात लावला नाही.

"आजोबा, मी पाया पडते. आज शेवटचा दिवस आहे. गल्लीच्या कामाला हो म्हणा."

"कोणाच्या गल्लीच्या?"

"आपल्या."

"आपल्या," तो म्हणाला, जणू खोटं नाणं दातांखाली घालून पाहत होता. "बरं. कचऱ्याच्या पाळीची पाटी या आठवड्यात कोणाकडे आहे?"

तिला प्रश्नाचा रोख कळेना. गल्लीच्या तोंडाशी कचरा ठेवायची जागा होती. कावळ्यांसाठी वर जाळी टाकायची, गाडी येऊन गेली की झाडून घ्यायचं, हे काम आठवड्याआठवड्याने घरोघर फिरायचं. ज्याची पाळी त्याच्या दाराला लाकडी पाटी.

"निशिना बाईंकडे."

"आणि त्यांच्यानंतर?"

"समोर, ओगातांकडे."

"निशिना माझ्या शेजारची. पाटी घेऊन ती माझ्या दारावरूनच समोर जाते. दारापाशी आली की पावलं हलकी टाकते. मी खिडकीतून बघत असतो."

"तुम्ही बर्फावर पडला होता, आजोबा. हात प्लॅस्टरमध्ये होता. तुम्हाला त्रास नको म्हणून…"

"मला विचारलं कोणी?"

"विचारलं असतं तर तुम्ही 'जमेल मला' म्हणाला असता."

"म्हणालोच असतो."

"म्हणून तर नाही विचारलं!"

"हं. फार चांगली माणसं तुम्ही." त्याने शेगडीची वात कमी केली. "ऐक. ही जमीन नव्हती तेव्हा इथे माझ्या बापाची होडी होती. हिवाळ्यात आम्ही समुद्रातलं शेवाळ काढून वाळवायचो. मग लोक आले, म्हणाले समुद्र द्या, देशाला जागा हवी. दिला. होडीही जाळली, ठेवायची कुठे? मग याच भरावावर घर घेतलं. म्हटलं, पाणी गेलं तर गेलं, निदान जागा तरी सुटायला नको. आणि तुम्ही मला कचऱ्यातूनसुद्धा काढलंत."

"पण मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मला पाटी द्या हो, म्हणून दारोदार हात पसरू? ज्याच्या दाराला पाटी लागत नाही तो गल्लीत नाही. मग गल्लीला त्याच्या शिक्क्याची गरजच काय? मी तोकुमारूला एवढंच म्हणालो, मला मोजू नका. त्याने जाऊन सांगितलं, म्हातारा नाही म्हणतो."

"पाटीचं तोकुमारूंनी नाही ठरवलं," सेत्सुयो म्हणाली. "पाटी तुमच्याकडे देऊ नका, हे मी सुचवलं होतं. बैठकीत. सगळे म्हणाले, किती विचार करता हो."

तिने दोन्ही हात पुढे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. ती तशीच राहिली. शेगडीची ऊब एका गालाला लागत होती. तिला वाटलं, हा म्हातारा आता जा म्हणेल, आणि आपण जाऊ शकणार नाही. इथून आपल्याला उचलूनच न्यावं लागेल.

"उठ," गिनजिरो म्हणाला. "कपाळं टेकून जमीन घट्ट होत असती तर नगरपालिकेने सिमेंट कशाला आणलं असतं?"

ती उठली नाही.

"जेवतो का तो?"

"नाही."

"अजिबात?"

"सकाळपासून दोन घास. तेही पडले."

तो गुडघ्यांना हात लावत उठला. बायकोच्या फोटोपुढे घंटी ठेवलेली छोटी वेदी होती, तिच्याखालचा खण त्याने ओढला आणि कापडात गुंडाळलेला शिक्का काढला. "हिच्या कबरीची जागा घेतली तेव्हा शेवटचा काढला होता. कागद कुठाय?"

"तोकुमारूंकडे."

"चल. तुझा शिक्का घरातून घे. रडणं मागाहून."

घरातून शिक्का घेताना तिने कुनिओच्या कानाशी तोंड नेलं. "आजोबा हो म्हणाले." त्याने डोळे न उघडता तिचा हात दाबला.

तोकुमारूंच्या दारात दोघं उभी राहिली तेव्हा ऊन उतरू लागलं होतं. तोकुमारू बाहेर आले, गिनजिरोला पाहून थबकले.

"आजोबा! तुम्ही? या वाऱ्यात?"

"कागद आणा. शिक्का उठवायचाय."

तोकुमारूंचं तोंड हसलं, पण डोळे हसायचे राहिले. त्यांनी कागद आणला. गिनजिरोने शाईत शिक्का दाबला, कागदावर दाबला, उचलला. लालभडक, एकही रेघ न फाटलेला ठसा उठला. खाली सेत्सुयोने आपला उठवला.

"घ्या. आता तुमचा."

"हो हो, अर्थातच." तोकुमारू आत गेले. आतून त्यांच्या बायकोची कुजबुज ऐकू आली, मग बराच वेळ काहीच नाही. ते परत आले तेव्हा हात रिकामे होते. "काय झालंय, शिक्का बँकेच्या लॉकरमध्ये आहे. आणि बँक तीनलाच बंद होते, नाही का."

"आज मुदत आहे," सेत्सुयो म्हणाली.

"तेच ना! कालच आणून ठेवला असता. पण आजोबा येतील असं वाटलं होतं का कोणाला?" त्यांचे कान लाल झाले होते. "तुम्ही बाकीच्यांचं बघा तोवर. तशी सगळ्यांची तयारी आहेच."

सेत्सुयोने त्यांच्या हातातून कागद ओढून घेतला. असं ती जन्मात कोणाशी वागली नव्हती.

निशिना बाईंनी दारातच टाळी वाजवली. "अगं बाई! आजोबा तयार झाले? कित्ती छान!" मग पदार्थ करपल्यासारखं आत बघितलं. "फक्त मला मुलाला विचारायला हवं. घर उद्या त्याचंच व्हायचं."

"पण तुम्ही शिक्का दिला होता."

"तो रोजचा गं. पार्सल घेतो तो."

"मुलाला आत्ता फोन करा. मी थांबते."

"आत्ता? तो कामावर असतो. त्याला असं घाईत विचारणं बरं दिसत नाही."

ओगातांची तरुण सून कडेवर बाळ घेऊन आली. "काकू, हे मीटिंगमध्ये आहेत." आणि मग खाली मान घालून, "भिंती खणताना घर आणखी कलतं म्हणे. आमचं फारसं नाही कललेलं. म्हणजे, तुमचं दुखणं कळतं हो आम्हाला." ती वाकली, बाळाचं डोकंही तिच्याबरोबर वाकलं, आणि दार इतक्या हळुवारपणे मिटलं की कडी लागल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

पुढच्या घरी टीव्हीचा आवाज बंद झाला आणि कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या घरी पडदा हलला. एका बाईने सांगितलं की आम्ही नक्की विचार करू. कुराता नावाच्या विधुराने मात्र एक अक्षर न बोलता शिक्का आणून उठवला आणि आत निघून गेला. त्याचं घर सगळ्यांत जास्त कललेलं होतं. कागदावर तीन ठसे झाले. खाली पांढरी जागा उघडीच राहिली.

गिनजिरो मागे पडला होता. तो एका खांबाला धरून उभा राहिला, वारा त्याच्या विजारीत भरत होता.

"आजोबा, तुम्ही घरी जा. मी बघते."

"काय बघणार?" तो म्हणाला. "तुला अजून कळलं नाही? मी नाही म्हणत होतो तोवर हो म्हणायला यांना काही पडत नव्हतं. तीन वर्षं सगळ्या गल्लीचा नकार मीच सांभाळत होतो. आणि मेल्यांनी मला साधं सांगितलंही नाही."

तिला कळलं होतं. निशिना बाईंच्या दारातच कळलं होतं. पण पाय थांबत नव्हते. ती धावत परत तोकुमारूंच्या दारी गेली आणि तिने दारावर मुठी मारायला सुरुवात केली. त्या गल्लीत असं दार कोणी बडवत नसे. ती बडवत राहिली.

"माझा माणूस मरतोय हो! अध्यक्ष! एकदा तोंडाने सांगा. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा!"

"हातोरीवहिनी," आतून दबका आवाज आला, "लोक बघतायत."

तेवढ्यात खांबाखांबावरच्या भोंग्यांतून रोज संध्याकाळी लागते ती धून लागली. पोरांनो, घरी जा, असं सांगणारी. किनाऱ्याच्या बाजूच्या भोंग्यांतून ती किंचित उशिरा यायची, म्हणून एकच धून दोनदा ऐकू येई. नगरपालिकेची कचेरी याच सुरांवर बंद होते. सेत्सुयोची मूठ दारावर तशीच राहिली. दुसऱ्यांदा येणारे सूरही संपले.

ती फिरली तेव्हा गिनजिरो तिच्या मागेच उभा होता.

"त्याला माझ्याकडे आण," तो म्हणाला. "पुढची खोली रिकामी आहे. मी मेलो की मुलगा घर विकणार आहे, ते तुला आधीच सांगतो. पण मी आहे तोवर जमीन सरळ आहे."

तिने होकारार्थी मान हलवली. आभार मानायला हवे होते, ते तोंडातून निघाले नाहीत. हे घर तीन वर्षं तिच्या दारापासून हाकेच्या अंतरावर सरळ उभं होतं, आणि म्हातारा किती दिवसांचा, कोणी सांगावं.

घरी येऊन तिने कुनिओला चादरीत गुंडाळलं आणि कंबरपट्ट्याने पाठीशी बांधलं. उचलताना तिने जोर केला, तो वायाच गेला. त्याला वजनच उरलं नव्हतं. गिनजिरो पुढे, काखेत गादीची वळकटी. ती मागे.

गल्लीतले दिवे लागले होते. ती चालू लागली तशी एकेक दार थोडं थोडं उघडलं. ओगातांची सून वाकली. तोकुमारू फाटकापाशी येऊन कंबरेत खोल वाकले, आणि ती पुढे जाईपर्यंत वर झाले नाहीत.

"वहिनी, काही मदत हवी का?" निशिना बाईंनी विचारलं.

"नको."

कुनिओची हनुवटी तिच्या खांद्यावर होती. त्याचा श्वास तिच्या कानाला गार लागत होता.

"आपण कुठे चाललोय?"

"आजोबांकडे. तिथे झोपायचं."

"आणि भिंती?"

"नाही होणार."

बस थांब्याच्या अलीकडे हळू व्हावी तसा त्याचा आवाज आला. "कोण नाही म्हणालं?"

सेत्सुयो चालता चालता थांबली. दोन्ही बाजूंना उजेड होता, उजेडात वाकलेली माणसं होती.

"कोणीच नाही," ती म्हणाली, आणि पाठीवरचं ओझं नीट सावरून घेत टोकाच्या घराकडे चालू लागली.